नोंद आणि इशारा

मोठ्या उद्योगसंस्थांतील देखरेख दोन पातळ्यांवर चालते. ग्राहकाची मागणी आली, ती पुरी झाली, पैसे जमा झाले, हा व्यवहाराचा क्रम एका पातळीवर. आणि तो ज्यांच्या आधारे चालतो ते सर्व्हर व आज्ञावल्या दुसऱ्या पातळीवर. या दोहोंच्या अखंड नोंदी ठेवल्या म्हणजे देखरेख साधली, असा एक समज आहे. तो कितपत ग्राह्य धरावा, हे एका उदाहरणाच्या साहाय्याने पाहू.

नाइट कॅपिटल ही अमेरिकेतील शेअरदलालीची मोठी पेढी होती. जुलै २०१२ च्या अखेरीस तिच्या आठ सर्व्हरांवर नवी आज्ञावली बसवावयाची होती. ती सातांवर बसली. एकावर राहून गेली, आणि दुसऱ्या कोणी हे काम तपासून पाहिले नाही. नव्या आज्ञावलीत एका जुन्याच खुणेला नवा अर्थ दिलेला होता. १ ऑगस्ट रोजी बाजार उघडताच सात सर्व्हरांनी ती खूण नव्या अर्थाने घेतली. आठव्याने जुन्या अर्थाने घेतली, आणि २००३ पासून वापरात नसलेला आज्ञावलीचा एक भाग जागा झाला. मागणी पुरी होताच थांबण्याची सोय त्यात उरलेली नव्हती. अवघ्या २१२ मागण्यांपोटी ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले. तोटा ४६ कोटी डॉलरांवर गेला. पुढील वर्षी गेटको या पेढीशी विलीनीकरण होऊन नाइटचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या आदेशातील एक गोष्ट विशेष उद्बोधक आहे. त्या दिवशी साडेनऊला बाजार उघडण्यापूर्वीच, आठच्या सुमारापासून, यंत्रणेने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ९७ ई-मेल पाठविले होते व त्यांत त्या जुन्या भागाचा नावानिशी उल्लेख होता. परंतु हे ई-मेल इशारे म्हणून योजलेले नव्हते, आणि ते वाचण्याचा प्रघातही नव्हता. म्हणजे नोंद झाली होती, ती पोहोचलीही होती. इशारा मात्र झाला नव्हता. शब्दाला अर्थ येतो तो बोलणारा व ऐकणारा यांच्यातील संकेतामुळे. यंत्राच्या शब्दालाही हाच नियम लागू आहे.

व्यवहाराच्या पातळीवरही हीच उणीव होती. पेढीच्या एका खात्यात अनपेक्षित शेअर साचत होते व ते दाखविणारे साधनही होते. पण ते आपण होऊन इशारा देत नसे, आणि पेढीच्या भांडवलाच्या मर्यादेशी त्याचा संबंध जोडलेला नव्हता. कारण न उमगल्यामुळे कर्मचाऱ्यांनी उरलेल्या सात सर्व्हरांवरील नवी आज्ञावली काढून टाकली. त्यामुळे तेही जुनाच अर्थ घेऊ लागले व अनर्थ वाढला.

यावरून असे दिसते की, नोंदींची विपुलता म्हणजे देखरेख नव्हे. ही नोंद कोणी वाचावयाची, किती वेळात, आणि वाचल्यावर काय करावयाचे, हे आधी ठरलेले असले पाहिजे. तसेच सर्व्हरावरील बिघाडाचा व्यवहाराच्या भाषेत अर्थ काय, म्हणजे कोणाची मागणी अडली वा किती रक्कम धोक्यात आली, हेही त्याच क्षणी कळले पाहिजे. मर्यादा ओलांडताच व्यवहार आपोआप थांबविण्याची सोय हवी ती याचसाठी; कारण ४५ मिनिटांचा अवधी माणसाच्या विचाराला अपुरा पडतो, यंत्राच्या चुकीला मात्र तो पुरून उरतो.