मोजून घातलेली जखम

कोलॅजन या कातडीतल्या प्रथिनाच्या गोष्टीत आपल्या देशातला एक फार मोठा माणूस आहे आणि कुठल्याही सौंदर्य चिकित्सालयाच्या भिंतीवर त्याचा फोटो नाही. जी. एन. रामचंद्रन. ऑगस्ट १९५४ मध्ये मद्रासहून त्यांनी आणि गोपीनाथ कार्था यांनी ‘नेचर’मध्ये कोलॅजनच्या रेणूची रचना मांडली: तीन साखळ्या, तिपेडी वेणीसारख्या एकमेकींभोवती. तपासायला धागा मिळाला होता तिथल्याच चर्मसंशोधन संस्थेकडून, कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचा. पुढच्या वर्षी त्यांनी वेणीला आणखी पीळ दिला. परदेशातल्या बड्या मंडळींनी तपशिलांवरून वाद घातले, पण तीन पेड टिकले ते टिकलेच. त्याच ऑगस्टच्या दोन तारखेला आमचं सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. राजाभाऊ वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे त्या लढ्यात होते हे मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण मी सिल्वाशात कातडीचा डॉक्टर म्हणून आयुष्य काढलं, तेव्हा दोन्ही एका दमात सांगायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

रामचंद्रन यांच्या वेणीचा चेहऱ्याच्या बाजाराशी संबंध आला तो बऱ्याच उशिरा आणि उलट्या बाजूनं. १९८१ साली अमेरिकेत गाईच्या कातडीतून काढलेलं कोलॅजन सुरकुत्यांत टोचायला परवानगी मिळाली. (फराळ करता करता हे वाचणाऱ्यांनी क्षमा करावी.) आधी हातावर चाचणी घ्यायची, महिनाभर वाट बघायची, कारण शंभरातल्या दोन-तीन जणांना त्याची ॲलर्जी यायची. टोचलेलं कोलॅजन काही महिन्यांत विरघळून जायचं. २००३ मध्ये तिकडे हायलुरॉनिक ॲसिडच्या जेलला मान्यता मिळाली आणि गाईला सुट्टी मिळाली. या सगळ्या प्रकरणातून एवढंच निघालं की परकं कोलॅजन आपल्या कातडीत पाहुण्यासारखं राहतं. हवं असेल तर ते आपल्याच फायब्रोब्लास्ट पेशींकडून करवून घ्यावं लागतं. आणि या पेशी गोड बोलून कामाला लागत नाहीत. कुठे काही फाटलं, भाजलं, टोचलं की मगच उठतात.

म्हणून या शास्त्राचा खरा इतिहास हा जखमा करण्याचा इतिहास आहे. जर्मनीत क्रोमायर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फिरत्या यंत्रानं व्रण घासायला सुरुवात केली होती. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या कुर्टिन यांनी तारेचा ब्रश आणला. आमच्या पिढीनं ‘डर्माब्रेजन’ शिकलं ते मुंबईच्या डॉ. सतीश सावंत यांच्यासारख्यांच्या पुस्तकातून आणि जमलं तर त्यांचे हात बघून. काम रक्ताळ होतं. थेंब उडायचे, चष्म्यावर यायचे. एड्स आणि कावीळ ‘ब’चा धाक बसल्यावर तो ब्रश हळूहळू कपाटात गेला. ॲसिडची पीलं आली, त्यांच्यावर मी इथे वेळ घालवणार नाही. कोरियातल्या ली आणि मंडळींनी २००२ मध्ये खोल खड्ड्यांत टोकदार काडीनं तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड लावायची युक्ती प्रसिद्ध केली, तेवढी मात्र सोन्यासारखी.

आता माझ्या आवडीची गोष्ट.

१९९५ मध्ये अमेरिकेत ओरेंट्राइख बापलेकांनी साध्या सुईनं व्रणाखालचे दोर कापायची पद्धत लिहिली, तिला सबसिजन म्हणतात. दोन वर्षांनी माँट्रियलच्या कामिरां आणि दूसे यांनी आणखी पुढची गंमत सांगितली. ऑपरेशनचे पांढरे व्रण झाकायला ते कातडीच्या रंगाचं गोंदण करत असत. वर्ष-दोन वर्षांनी बघतात तर रंग उडून गेलेला, पण व्रण सुधारलेला आणि कातडीचा स्वतःचा रंग परत आलेला. काम रंगाचं नव्हतं, सुईचं होतं! मग त्यांनी रंगच काढून टाकला आणि कोरडं यंत्र चालवलं. केपटाऊनच्या डेस फर्नांडिस यांनी त्याचा बारीक सुयांचा रूळ केला. श्रीनगरच्या डॉ. इम्रान माजिद यांनी २००९ मध्ये मुरुमांच्या नि इतर व्रणांवर हा रूळ चालवून निकाल मांडले: ३६ जणांनी उपचार पुरे केले, त्यातल्या ३४ जणांचे व्रण एक किंवा दोन पायऱ्यांनी सुधारले. हा कागद मी अजून जपून ठेवला आहे. आपल्या रंगाच्या कातडीवर, आपल्याच देशात केलेलं काम.

रूळ म्हणजे मुठीत मावेल असं दांडीचं एक खेळणं. त्यावर १९२ सुया, व्रणांसाठी दीड मिलिमीटरच्या. आधी बधिरतेचं मलम जाड थरानं लावून वर प्लास्टिकचा कागद, पाऊण ते एक तास. पेशंट कंटाळून मोबाइल बघत बसतो. मग मलम पुसायचं, डाव्या हातानं गाल ताणून धरायचा आणि रूळ उभा, आडवा, दोन्ही तिरके असा फिरवायचा. बारीक करकर ऐकू येते. पंधराएक फेऱ्यांत एका चौरस सेंटिमीटरला सुमारे २५० छिद्रं पडतात. रक्ताचे टिपके एकसारखे उमटले की हात थांबवायचा. रक्त ओघळू लागलं तर तुम्ही पुढे गेलात. सलाइनच्या गार गॉझनं पुसलं की दोन-चार मिनिटांत टिपके आपोआप बंद होतात. वरची कातडी जवळजवळ शाबूत, खालच्या थरात मात्र हाकाटी झालेली: प्लेटलेट्स फुटतात, वाढीचे घटक सुटतात, फायब्रोब्लास्ट सरकत येतात, आधी कच्चं तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन विणतात, मग महिनोन्‌महिने त्याच्या जागी पक्कं पहिल्या प्रकारचं बसवतात. दोन बैठकांत निदान महिना-दीड महिना गेलाच पाहिजे, आणि खरा निकाल तीन ते सहा महिन्यांनी. तोवर आरशात रोज बघू नका असं मी सांगतो, आणि तोवर सगळे रोज आरशात बघतात.

रुळाखाली झोपलेल्या एका मुलीबरोबर तिची वारली आजी आली होती, खानवेलकडची. आजीच्या कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही हातांवर गोंदण. नातीच्या गालावरचे रक्ताचे टिपके तिनं जवळ येऊन बघितले आणि मला विचारलं की रंग कधी भरणार. रंग भरायचा नाही म्हटल्यावर तिनं ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं, तसं माझ्या कुठल्याही परीक्षकानंसुद्धा पाहिलेलं नाही. पैसे घेऊन नुसतं टोचायचं! त्या भागात काम करताना मी आणखी एक गोष्ट सोडत नाही. वारली, कोकणा, धोडिया समाजांत सिकलसेल आहे, तेव्हा सुई उचलण्याआधी घरात कुणाला आहे का, हे विचारून घेतो.

सुईवर माझं प्रेम आहे ते कातडीच्या रंगामुळे. गोऱ्यांच्या देशात तयार झालेली बहुतेक शस्त्रं उष्णतेची आहेत. अँडरसन आणि मॅनस्टाइन यांनी २००४ मध्ये बारीक बारीक खांबांत लेझर मारून मधली कातडी शाबूत ठेवायची कल्पना मांडली, ती हुशारीची होती यात वाद नाही. पण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला उष्णता लागली की रंगपेशी बिथरतात. खड्डा भरतो आणि त्या जागी तपकिरी डाग बसतो, तो उतरवण्यात सहा महिने जातात. इथली माणसं नरोली, मसाट, खडोलीच्या कारखान्यांत पाळ्या करतात, दुचाकीवर भर दुपारी फिरतात. यांना ‘आठवडाभर उन्हात जाऊ नका’ सांगणं म्हणजे आठवड्याचा पगार सोडा असं सांगणं. सुईनंतर लाली दोन-तीन दिवसांत जाते, तिसऱ्या दिवशी माणूस पाळीवर.

यावर वापी-सुरतेकडचे माझे काही समव्यवसायी हसतात. एका परिषदेत तर एका तरुण वक्त्यानं रुळाला ‘गरिबांचं लेझर’ म्हटलं आणि सभागृह खूश झालं. मी तेव्हाही म्हणालो होतो, आजही म्हणतो: तुमच्या यंत्राचा हप्ता फेडायला पेशंटला लेझर लागतं, पेशंटच्या कातडीला लागतंच असं नाही. खोलवर गेलेल्या व्रणांत कार्बन डायऑक्साइड लेझर जोरकस आहे, हे मान्य. आणि गंमत बघा, आता हेच यंत्रवाले सुयांच्या टोकातून रेडिओलहरी सोडणारं यंत्र दाखवतात. म्हणजे फिरून सुईवरच आले, फक्त मागे वायर लावून.

बाकीचं थोडक्यात. हायफू म्हणजे केंद्रित ध्वनिलहरी. साडेचार मिलिमीटर खोलवर ६० ते ७० अंशांचे ठिपके भाजतात, कोलॅजन आक्रसतं, नंतर नवं येतं. सैल जबड्याला थोडाफार उपयोग, लोंबणाऱ्या मानेला नाही. पॉलिलॅक्टिक ॲसिड टोचलं की शरीर त्याच्याभोवती कोलॅजन विणतं. अमेरिकेत २००४ साली त्याला पहिली मान्यता मिळाली ती एचआयव्हीच्या रुग्णांचे खपाटीला गेलेले गाल भरायला, हे आज ते टोचून घेणाऱ्यांना कुणी सांगत नाही. कातडी ओढून धरणाऱ्या धाग्यांबद्दल मी बोलत नाही. कोलॅजनच्या पावडरीबद्दल बोलावंच लागतं, कारण दिवाळीच्या भेटीत तिचे डबे येतात. पोटात गेल्यावर तिचे तुकडे होतात, ते थेट गालावर जाऊन बसत नाहीत. फायदा दाखवणारे प्रयोग आहेत, आणि त्यातल्या पुष्कळांचा खर्च डबेवाल्यांनीच केलेला आहे. कोलॅजन विणायला क जीवनसत्त्व मात्र खरोखर लागतं. त्यासाठी आवळा पुरतो.

आता ज्यासाठी लेखणी उचलली ते.

ॲल्बर्ट क्लिगमन हे नाव या धंद्यात देवासारखं घेतलं जातं. तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या त्यांच्या प्रयोगांमुळे ते तसं घेऊ नये, पण तो वेगळा लेख होईल. या माणसानं १९८६ मध्ये दाखवलं की रेटिनोइक ॲसिड लावल्यानं उन्हानं म्हातारी झालेली कातडी सुधारते. पुढे मिशिगनच्या व्हूरहीस आणि फिशर यांच्या गटानं ऊन कोलॅजन कसं तोडतं आणि हे मलम ते कसं परत आणतं याची साखळी उलगडली. रोज रात्री वाटाण्याएवढं मलम आणि सकाळी सनस्क्रीन, याहून भरवशाचं काही आजवर निघालेलं नाही. पण त्याच क्लिगमन यांनी १९७५ मध्ये वांगासाठी एक तिहेरी मिश्रण दिलं होतं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. काही आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली. आपल्याकडे त्याच सूत्राची नातवंडं, आणखी जोरकस स्टेरॉइड घालून, ट्यूबमध्ये भरून ‘गोरं होण्याचं क्रीम’ म्हणून खपली. स्टेरॉइड फायब्रोब्लास्टला काम थांबवायला सांगतं. पहिल्या महिन्यात चेहरा लख्ख उजळतो. वर्षा-दोन वर्षांत कातडी पातळ होते, रक्तवाहिन्यांचं जाळं दिसू लागतं, हनुवटीवर लव येते, उन्हात आग होते. २०११ मध्ये देशातल्या १२ केंद्रांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यातले ४३३ स्टेरॉइड लावत होते.

माझ्या दारात येणाऱ्या पंचविशीतल्या मुली, सूतगिरणीतली पोरं, लग्नाआधी ‘जरा ग्लो’ हवा म्हणणारे, यांच्यात हे रोजचं आहे. कोलॅजन वाढवायचं पॅकेज विचारतात आणि पिशवीत कोलॅजन खाणारी ट्यूब असते. ती बंद केली की चेहरा आधी भडकतो, कित्येक आठवडे. त्या भीतीनं पुन्हा तीच लावतात. असा चेहरा शांत होईपर्यंत मी त्याला सुई लावत नाही. पार्लरवाले लावतात. एकच रूळ दोघी-तिघींवर चालतो, आणि इंटरनेटवरून मागवलेला घरातल्या बहिणी-बहिणींत फिरतो. काविळीचं बोलावं तर मीच वेडा ठरतो. पूर्वी एखादी बाई पन्नाशीत यायची, पाळी थांबल्यावर कातडी सैल पडली म्हणून, आणि ते खरंच असतं. त्या वयात पहिल्या पाच वर्षांत कोलॅजन झपाट्यानं, जवळजवळ तीस टक्के, कमी होतं. तिच्याशी निवांत बोलता यायचं. आता विशीतल्या पोरांना न आलेल्या सुरकुत्यांवर उपाय हवा असतो आणि तो शनिवारपर्यंत हवा असतो.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं या ट्यूबांविरुद्ध बरीच ओरड केली. २०१८ मध्ये सरकारनं अशा स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. परवा मी कंपाउंडरला बाजारात पाठवलं. त्याला ट्यूब मिळाली, वर दुकानदारानं विचारलं, मोठी देऊ का?