बिल शून्य आले, तरी मीटर पाहा

शेतकरी बंधूंनो, आणि घरचा हिशेब ज्यांच्या हाती असतो त्या भगिनींनो,

एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपाचे चालू बिल शासन भरते. ही योजना मार्च २०२९ पर्यंत आहे. बिलावर शून्य दिसले, की तो कागद आपण न वाचताच चुलीकडे टाकतो. हे बरे नव्हे. वीज फुकट तयार होत नाही. तिचे पैसे कोणीतरी भरतोच, आणि किती भरायचे ते तुमच्या नावावर लिहिलेल्या युनिटवरून ठरते.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वारणा या नद्यांचे पाणी पुष्कळ ठिकाणी सहकारी पाणीपुरवठा संस्था उचलतात. त्यांच्या मोटारी मोठ्या, म्हणून साडेसातची अट आडवी येते. सभासद अर्ध्या एकराचा असला, तरी विजेचा बोजा पाणीपट्टीतून त्याच्याच उसावर पडतो. तेव्हा वीजदराचा प्रश्न सुटला असे कोणी समजू नये.

दर कोण ठरवतो?

आपण अजून ‘बोर्ड’ म्हणतो. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले, आणि जून २००५ मध्ये त्याचे विभाजन झाले. वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या तारांवरून वाहून नेणारी महापारेषण, आणि आपल्या बांधापर्यंत आणून बिल देणारी महावितरण अशा कंपन्या झाल्या. पण दर कंपनी ठरवत नाही. तो १९९९ साली स्थापन झालेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो.

कंपनी खर्चाचा अंदाज आयोगापुढे ठेवते. त्याची जाहिरात वर्तमानपत्रात येते, लोकांच्या हरकती मागवतात, जाहीर सुनावणी होते आणि मग निकाल लागतो. २००३ च्या वीज कायद्यानेच ही रीत घालून दिली आहे. शासनाला कोणाला सवलत द्यायची असेल, तर ती रक्कम शासनाने कंपनीकडे आगाऊ भरावी, असेही तो कायदा सांगतो. या सुनावण्यांत इचलकरंजीचे प्रताप होगाडे यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षे हरकती मांडत आली आहे. शेतीपंपाच्या दरवाढीविरुद्ध कोल्हापुरात प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोर्चे निघाले, ते आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेच आहेत.

युनिटचा हिशेब

एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. पाच हॉर्सपॉवरची मोटर तासाला पावणेचार युनिटच्या आसपास वीज घेते. जुन्या मोटारीला थोडी जास्त लागते. आठ तास चालली तर ३० युनिट झाले. वर्षात अशा १०० पाळ्या झाल्या, तर साधारण ३,००० युनिट.

आता तुमचे बिल काढा आणि ताडून पाहा. आकडा दुपटीचा असेल, तर काहीतरी चुकते आहे. मीटर नसेल किंवा बंद असेल, तर वापर अंदाजाने धरला जातो. हा अंदाज फुगला, की चोरी आणि गळती शेतकऱ्याच्या नावावर झाकली जाते, ही ग्राहक संघटनांची जुनी तक्रार आहे. आज तो पैसा शासनाच्या तिजोरीतून जाईल. उद्या योजना संपली, तर तोच फुगलेला आकडा तुमच्या दारात उभा राहील.

तुम्ही काय कराल?

१. वहीत मोटर चालवल्याचे तास लिहा. महिन्याला मीटरचे रीडिंग घ्या. हे काम शाळेत जाणारी मुलेही करतील.

२. मीटर बंद असेल, हॉर्सपॉवर चुकीची लागली असेल, तर अर्ज लेखी द्या. वायरमनला तोंडी सांगून भागत नाही. पोच घ्या.

३. डी.पी. जळाला, तर दुरुस्तीला आयोगाने मुदत घातलेली आहे. मुदत टळली, तर भरपाई मागता येते. म्हणून तक्रारीची तारीख आणि वेळ टिपून ठेवा.

४. थकबाकीसाठी कनेक्शन तोडायचे, तर आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी ती हरकत नोंदवून भरा. वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.

५. कार्यालयात दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तक्रार दोन वर्षांच्या आत हवी. मंचाचा निकाल पटला नाही, तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. वकील लागत नाही. मात्र वीजचोरीची प्रकरणे तेथे चालत नाहीत.

एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो, हे खरे. पण एका डी.पी.वरच्या वीस जणांनी वह्या घेऊन, तारीखवार नोंदी दाखवून एकच अर्ज दिला, तर तो बाजूला सारणे अवघड जाते. पाणीपुरवठा संस्थेच्या पुढच्या सभेत हा विषय काढा. आयोगाची पुढची सुनावणी लागेल तेव्हा संस्थेची हरकत लेखी गेलेली असावी, असा ठराव त्याच सभेत करून घ्या.