‘कोलिजन कोर्स’वर, म्हणजे नेमके कुठे?

‘युनियन अँड मॅनेजमेंट ऑन अ कोलिजन कोर्स.’ चाकणच्या कारखान्यांविषयी असा इंग्रजी मथळा अधूनमधून वाचायला मिळतो. निगडी-यमुनानगरमधून रोज कंपनीची बस पकडणाऱ्यांच्या घरी इंग्रजी शाळेतली पोरं तो मोठ्याने वाचतात आणि लगेच प्रश्न येतो, “अब्बांची कंपनी बंद पडणार का?” मग आधी या शब्दांचा अर्थ पाहू.

शब्द समुद्रावरचा. जहाजावर नोकरी केलेले मामा-चाचा कोकणातल्या आपल्या अनेक घरांत आहेत, त्यांना विचारा. दुसरे जहाज कंपासवर एकाच दिशेला दिसत राहिले आणि अंतर मात्र घटत गेले, की टकरीचा धोका आहे असे समजायचे. 1972 चे आंतरराष्ट्रीय सागरी नियमही हेच सांगतात. इंजिनवर चालणाऱ्या दोन जहाजांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज असेल त्याने वाट सोडायची.

म्हणजे टक्कर झालेली नाही. कुणीच दिशा बदलली नाही तर होईल. त्यात वैर असलेच पाहिजे असेही नाही. मराठीतले ‘रणशिंग फुंकले’ म्हणजे लढाई जाहीर झाली, ‘ठिणगी पडली’ म्हणजे सुरूच झाली. आपल्या घरच्या बोलीतले ‘दोनों में ठन गई’ हेही जरा पुढचेच. ‘संघर्षाच्या वाटेवर’ हे त्यातल्या त्यात जवळचे, पण मथळ्यात ते थंड वाटते म्हणून रणशिंग वाजते!

बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातला 2013 चा संप आठवा. प्रत्येक कामगाराला 1 रुपया दराने 500 शेअर्स द्या, ही युनियनची मागणी. व्यवस्थापनाचा ठाम नकार. कुणी वळले नाही. 25 जूनला काम थांबले आणि शेअर्स न मिळताच ऑगस्टमध्ये, 50 दिवसांनी, संप मागे घेतला गेला. 25 जूनपर्यंतची स्थिती म्हणजे ‘कोलिजन कोर्स’.

कायद्यानेही वळायला वेळ ठेवला आहे. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार कायद्यात संपाआधी 14 दिवसांची नोटीस होती, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही 14 दिवसच आहेत. त्यामुळे मथळा दिसला तर बातमीत आधी नोटिशीची तारीख शोधावी, बोलणी चालू आहेत का ते पाहावे. आणि संप सुरू झाल्यावरही कुणी ‘ऑन अ कोलिजन कोर्स’ लिहीत असेल, तर त्याचे इंग्रजी चुकले.