निसरड्या वाटेवरच्या जुन्या-नव्या गाड्या

मासेमारीच्या हंगामात मालवणच्या बंदरावर बर्फ रोज दिसतो. कारखान्यातून त्याच्या लाद्या येतात, फोडून त्यांचा चुरा होतो आणि बांगडा-सुरमईच्या थरांमध्ये तो भरला जातो. ही मासळी घेऊन टेम्पो फोंडा घाटातून कोल्हापूरला आणि आंबोलीवरून बेळगावला निघतात. वाटेत बर्फ वितळतो. माशांचं तेलकट पाणी धारेनं रस्त्यावर सांडत जातं आणि मागून येणारा दुचाकीस्वार नेमका वळणावर घसरतो. सिंधुदुर्गातल्या रस्त्यांचा बर्फाशी संबंध आला तर एवढाच.

तरीही बर्फाळ देशांत दर हिवाळ्यात विचारला जाणारा एक प्रश्न इथे दर जून महिन्यात उभा राहतो. निसरड्या रस्त्यावर जुनी गाडी बरी की नवी? फक्त इथला निसरडेपणा वेगळा आहे. तो पावसाच्या पाण्याचा आहे, तांबड्या चिखलाचा आहे आणि झाडांच्या सावलीत डांबरावर धरणाऱ्या बुळबुळीत शेवाळाचा आहे.

गाडीचा रस्त्याशी येणारा संबंध फार थोडा असतो. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग जमिनीला टेकतो. टनभर वजनाची गाडी चालते, वळते आणि थांबते, ती अशा चार तळहातांच्या जिवावर. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १२ मीटरमध्ये थांबू शकते. ओल्या रस्त्यावर पकड निम्म्यावर येते आणि हेच अंतर २५ मीटरच्या आसपास जातं. दाबून बसलेल्या बर्फावर ते ५० मीटर होतं, तर काचेसारख्या गोठलेल्या थरावर जवळजवळ १०० मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत कापलेलं अंतर यात धरलेलंच नाही. गाडी १९७० सालची असो वा गेल्या महिन्यात शोरूममधून आलेली, हे गणित दोघींना सारखंच लागू आहे.

सावंतवाडीहून दाणोली मागे टाकली की आंबोलीचा घाट सुरू होतो. वेंगुर्ला बंदरातून बेळगावकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावरचा आंबोली हा मुक्काम. इंग्रजांच्या काळात लष्कराची रसद याच वाटेनं वर जायची. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात धबधब्याचं पाणी रस्त्यावर येतं, दरडीची माती वाहत येते आणि दोन वळणांपलीकडचं काही दिसत नाही. वाहनाची खरी परीक्षा घेणारी जागा महाराष्ट्रात शोधायची, तर हा घाट पहिल्या काही नावांत येईल.

एकेकाळी या घाटानं ॲम्बॅसेडर आणि फियाट, म्हणजे पुढे प्रीमियर पद्मिनी या नावानं ओळखली गेलेली गाडी, भरपूर पाहिल्या. दोन्ही गाड्यांचं इंजिन पुढे आणि जोर मात्र मागच्या चाकांना. माणसं कमी असली की मागची बाजू हलकी पडायची. ओल्या चढावर जरा जास्त ॲक्सिलरेटर दिला, की मागचं चाक जागच्या जागी फिरायचं आणि गाडीची शेपूट वळणाबाहेर सरकायची. बर्फाळ देशांतही अशा रचनेच्या गाड्यांचा हाच त्रास होता. तिथले लोक हिवाळ्यात डिकीत वाळूची पोती ठेवायचे. फोक्सवॅगनची बीटल तिथे बर्फात चांगली चालायची, कारण तिचं इंजिन मागे, जोर देणाऱ्या चाकांच्या डोक्यावरच होतं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि भारतीय कुटुंबाला पुढच्या चाकांवर चालणारी स्वस्त गाडी मिळाली. इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवर असल्यानं ओल्या रस्त्यावर ती पटकन सुटायची नाही. अवजड ॲम्बॅसेडरसमोर खेळण्यासारखी दिसणारी ही गाडी कोकणातल्या घाटांत इतकी रुजली, त्यात तिच्या या गुणाचा वाटा मोठा आहे.

चढ कसातरी पार पडतो. खरी भीती उताराची. जुन्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असायचे. लांब उतारावर सतत पाय दाबून ठेवला की लायनर तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही. शिवाय पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी राहतं आणि पुढचा ब्रेक जवळपास लागतच नाही. म्हणून जुने ड्रायव्हर पाण्यातून बाहेर पडल्यावर थोडा वेळ हलका ब्रेक दाबून गाडी चालवायचे, लायनर सुकवायचे. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा त्यांचा दुसरा नियम. एसटीच्या चालकांनी घाटात तो पिढ्यान् पिढ्या पाळला आहे.

पण जुन्या काळातली एक सवय मात्र टाकून द्यायला हवी. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणं. कार्बोरेटरच्या गाडीत त्यानं थेंब-दोन थेंब वाचतही असतील. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात चित्र उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की संगणक इंधनाचा पुरवठा बंद करतो आणि उतारच चाकांमार्फत इंजिन फिरवतो. न्यूट्रल केल्यावर मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जाळावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पैसा जास्त जातो आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय आधी समजून घ्यावी. विजेच्या गाडीत मोटारच ब्रेकचं काम करते आणि उतारावर बॅटरी भरते, पण घाटमाथ्यावर बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर हा ब्रेक कमी मिळतो.

नव्या गाडीचा खरा मोठेपणा ब्रेक दाबल्यावर कळतो. जुन्या गाडीत घाबरून कचकन ब्रेक दाबला की चाकं जागीच अडकायची, आणि अडकलेलं चाक वळत नाही. स्टीअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर दरीकडे सरकत राहते. एबीएस ही यंत्रणा प्रत्येक चाकाचा वेग मोजते आणि चाक अडकतंय असं दिसताच सेकंदात अनेक वेळा ब्रेक सोडते आणि धरते. पायाखाली पेडल थरथरतं ते यामुळेच. ते बिघडलं असं समजून पाय काढू नये, उलट दाबूनच ठेवावा आणि गाडी वळवावी. बॉशनं घडवलेली ही यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये पहिल्यांदा आली. भारतात सगळ्या नव्या मोटारींना ती सक्तीची व्हायला एप्रिल २०१९ उजाडलं.

त्यापुढची पायरी म्हणजे ईएससी. वळणावर गाडीची शेपूट किंवा नाक सरकू लागलं, की ही यंत्रणा नेमक्या एखाद्या चाकाचा ब्रेक आपणहून लावून गाडीला वाटेवर आणते. तिचं महत्त्व जगाला कळलं ते १९९७ मध्ये. अचानक आडव्या आलेल्या सांबरासारख्या प्राण्याला चुकवण्याची नक्कल करणाऱ्या एका चाचणीत, एका स्वीडिश नियतकालिकासमोर मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीनं त्या छोट्या गाडीत ही यंत्रणा सरसकट बसवली. अमेरिकेनं ती २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीची केली. आंबोलीच्या जंगलातून रात्री जाताना गव्यांचा कळप समोर उभा राहू शकतो, त्यामुळे इथल्या माणसाला ही स्वीडिश गोष्ट परकी वाटायला नको. नवी गाडी घेताना सनरूफच्या आधी ईएससी आहे का, हे विचारायला हवं.

मात्र यातली एकही यंत्रणा रस्त्यावरची पकड वाढवत नाही. आहे ती पकड ती नीट वापरते, इतकंच. भुसभुशीत बर्फावर आणि सुट्या खडीवर तर एबीएसची गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेते, कारण अडकलेल्या चाकापुढे खडीचा जो ढीग साचून गाडी अडते, तो इथे साचतच नाही. घाटात डांबर उखडून खडी पसरलेली असते तिथे हे लक्षात ठेवावं.

टायरच्या बाबतीत जुन्या गाडीला एक गुण द्यावा लागतो. मुंबई-गोवा महामार्ग खारेपाटणपासून बांद्यापर्यंत आता रुंद आणि काँक्रिटचा झाला आहे. पावसात त्यावर पाण्याचा थर साचतो. हिशेब करून बघा: ३ मिलिमीटर पाणी, १८ सेंटिमीटर रुंद टायर, ताशी ८० किलोमीटर वेग. त्या एका टायरला दर सेकंदाला १२ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे सेकंदाला जवळपास एक बादली. हे काम टायरवरच्या खाचांचं. खाचा झिजल्या किंवा वेग ताशी ९०च्या पुढे गेला, की टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टीअरिंग एकदम हलकं लागतं. अशा वेळी ब्रेक दाबू नये. स्टीअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हळू सोडावा. ॲम्बॅसेडरचे अरुंद टायर पाणी कापत जायचे आणि त्या वेगाला ती क्वचितच पोचायची. आजची रुंद टायरांची शांत, बंदिस्त गाडी १०० वर कधी गेली ते आतल्या माणसाला कळतसुद्धा नाही.

साचलेल्या आणि वाहत्या पाण्यात मात्र जुनं-नवं दोन्ही सारखंच हरतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तेरेखोल नदीचं पाणी बांदा बाजारपेठेत शिरलं होतं. माणगाव खोऱ्यातला आंबेरीचा पूल पावसाळ्यात वारंवार पाण्याखाली गेला आहे. जुन्या पेट्रोल गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरवर पाणी उडालं की ती बंद पडायची, फडक्यानं पुसली की पुन्हा चालू व्हायची. नव्या गाडीत हवा खेचणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं, तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन उघडावंच लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ३० सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी मोटार तरंगवायला पुरतं. गाडी कोणत्याही सालची असली तरी कॉजवेवरून पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबायचं.

तारकर्ली-देवबागच्या वाळूत अडकणाऱ्या गाड्यांची गोष्ट बर्फात रुतलेल्या गाडीसारखीच असते. चाक घसरतंय असं दिसताच नवी गाडी इंजिनाचा जोर कापते आणि जागीच बसते. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून, टायरची हवा कमी करून ती निघते. जुनी फोर-व्हील जीप तिथे सहज पुढे जाते. पण किनाऱ्यावर गाडी घालूच नये. वायंगणी, तांबळडेगसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, आणि चाकाखाली काय आहे हे वरून दिसत नाही.

आणखी एका बाबतीत हा किनारा बर्फाळ देशांच्या जवळचा आहे. तिथे रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते गाडीचा तळ खातं. इथे हेच काम खारा वारा करतो. दारांच्या खालच्या कडा, मडगार्डच्या आतली बाजू, सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्या आधी जातात. जस्ताचा थर दिलेल्या पत्र्यामुळे नव्या गाड्या जास्त टिकतात, तरी जुनी गाडी घेताना रंगावर न भुलता ती लिफ्टवर चढवून खालून पाहावी. गंजलेली ब्रेकची नळी फुटण्याचा प्रसंग नेमका घाटात जोरानं ब्रेक दाबल्यावर येतो.

निसरड्या रस्त्यावर नवी गाडी जास्त सुरक्षित आहे, हा निकाल स्पष्ट आहे, पण तिच्या पायात चांगले टायर असतील तरच. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानंच लागतात. आपल्याकडे खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे. टायरच्या खाचांत त्यासाठी छोटे उंचवटे दिलेले असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, तर तो मृगाचा पाऊस येण्याआधी बदलून घ्या. आणि बदलायला दोनच टायरांचे पैसे असतील, तर गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी नवे टायर मागे लावा. मागची चाकं सुटली, तर घाटातल्या वळणावर गाडी सावरणं सगळ्यांत कठीण असतं.