तुम्हाला कोणता रंग खुलतो?

मैत्रिणींनो, नवरात्रातले ग्रुप फोटो अजून मोबाइलमध्ये असतील ना? पिवळ्या दिवसाचा, राखाडी दिवसाचा, मोरपंखी दिवसाचा... असतील तर आज पुन्हा एकदा काढा. हा लेख वाचताना ते हाताशी असलेले बरे.

झालं असं, की दिवाळीनंतर मी चिचगडला गेले होते. गोंदिया जिल्ह्यात देवरीहून जंगलातल्या रस्त्याने पुढे गेलं की हे गाव लागतं. तिथून छत्तीसगडची हद्दही फार लांब नाही. माझ्या नणंदबाई तिथे असतात. त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, पुढच्या रविवारी पाहुणे बघायला येणार होते. (दाखवण्याच्या कार्यक्रमाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.) पोरगी बी.एस्सी. झालेली, हुशार, आणि रंगाने चांगली सावळी. तिच्यासाठी ताईंनी अठराशे रुपयांची साडी आणून ठेवली होती. फिकी गुलाबी. दुकानदाराने सांगितलं होतं, "घेऊन जा, ताई, इंग्लिश कलर आहे. पोरगी गोरी दिसते यात."

भाचीने साडी खांद्यावर टाकली, आरशासमोर उभी राहिली आणि घरात कुणी काही बोलेना. चेहरा राख फासल्यासारखा दिसत होता. शेवटी तीच म्हणाली, "मामी, मी आजारी दिसतो न?" आमच्या पूर्व विदर्भात मुलीसुद्धा 'मी दिसतो', 'मी जातो' म्हणतात, तेव्हा चूक समजू नका.

मी साडीबद्दल काहीच बोलले नाही. तिला म्हटलं, "तुझे नवरात्रातले फोटो दाखव."

नवरात्राचे नऊ रंग ही काही पुराणातली गोष्ट नव्हे. साधारण वीस-बावीस वर्षांपूर्वी मराठी वर्तमानपत्रांनी रंगांचं वेळापत्रक छापायला सुरुवात केली आणि बघता बघता बँकेपासून अंगणवाडीपर्यंत सगळ्या जणी त्यात रमल्या. कुणी त्याला हसतं, कुणी नावं ठेवतं. पण त्यातून एक गंमत आपोआप होते. एकाच दिवशी, एकाच उजेडात, एकाच रंगाच्या साडीत दहा-बारा बायका ओळीने उभ्या राहतात. आणि फोटोत स्पष्ट दिसतं, की तोच पिवळा एकीला हळद लागल्यासारखा शोभतो आणि शेजारचीला कावीळ झाल्यासारखा. रंग तोच. मग फरक कुठे पडला?

ताईंच्या बचत गटाच्या फोटोंत भाची कडेला उभी होती. पिवळ्या दिवशी तिचा चेहरा असा काही उजळला होता, की नजर आधी तिच्याकडेच जावी. राखाडी दिवशी मात्र तीच पोरगी रात्रभर जागरण केल्यासारखी. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नऊच्या नऊ फोटोंत ताई एकाच बदामी साडीत होत्या. त्याबद्दल पुढे सांगते.

रंग शेजारच्या रंगाला बदलतो, हे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. त्याचं नाव शेव्रल. १८२४ साली तो गोबेलँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती, की काळा धागा नीट काळा दिसत नाही, मरगळलेला वाटतो. शेव्रलने धागा तपासला. रंगात काही खोट नव्हती! शेजारी निळे-जांभळे धागे विणले, की काळा फिका भासत होता. यावर त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. (हा गृहस्थ १०२ वर्षं जगला, हे जाता जाता.) आता धाग्याच्या जागी आपला चेहरा धरा आणि शेजारच्या धाग्यांच्या जागी साडी. शिवाय कापडावर पडलेला उजेड हनुवटीवर, गळ्यावर उलटून पडतो. फिक्या गार रंगाचा उजेड डोळ्यांखालची काळी वर्तुळं वर काढतो आणि जुळणारा रंग तीच वर्तुळं झाकतो. मेकअपला एक रुपया खर्च न करता.

पुढे योहानेस इटन नावाच्या स्विस चित्रकाराने, जो जर्मनीच्या बाउहाउस कलाशाळेत शिकवायचा, एक निरीक्षण नोंदवलं. विद्यार्थी स्वतःच्या आवडीने जे रंग निवडतात, ते पुष्कळदा त्यांच्याच केसांशी, त्वचेशी मेळ खाणारे असतात. त्याचं रंगांवरचं पुस्तक १९६१ साली आलं. आणि १९८० साली अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांनी 'कलर मी ब्युटिफुल' हे पुस्तक लिहून बायकांची चार ऋतूंत वाटणीच करून टाकली. हल्ली कोरियात आणि इंटरनेटवर ज्या 'पर्सनल कलर'चं वेड आहे, ते याच झाडाचं फळ.

ही वाटणी अशी. आधी पाहायचं, तुमच्या त्वचेची आतली झाक पिवळसर आहे की निळसर-गुलाबी. मग पाहायचं, तुम्हाला हलके रंग पेलतात की गडद. पिवळसर झाक आणि हलके रंग म्हणजे वसंत: पोपटी, अबोली, गाजरी. पिवळसर आणि गडद म्हणजे शरद: विटकरी, मेंदी, मोहरी, तपकिरी. निळसर आणि हलके, धुरकट म्हणजे उन्हाळा: फिका गुलाबी, फिका जांभळा. निळसर आणि ठसठशीत म्हणजे हिवाळा: राणी, गडद निळा, काळा, शुभ्र पांढरा. आता, त्यांचा उन्हाळा धुक्यातल्या बागेसारखा मवाळ. आपला उन्हाळा म्हणजे पंचेचाळीस डिग्री आणि लूचा तडाखा! तेव्हा नावांकडे लक्ष देऊ नका, रंगांकडे द्या.

या पद्धतीतली मोठी खोट मात्र सांगायलाच हवी. ती गोऱ्या बायकांसाठी बेतलेली होती. गोऱ्यांचे चार ऋतू झाले आणि आपल्यासारख्या सावळ्या, काळ्याभोर केसांच्या बायकांना सरसकट 'हिवाळ्या'त ढकललं गेलं. म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळ्यांना एकच खण! नंतर चाराचे बारा प्रकार झाले, सुधारणा झाली. पण तुम्ही स्वतःच बघा ना, तुमच्या घरातल्या दोन सावळ्या बायका तरी एकसारख्या सावळ्या आहेत का? एकीच्या सावळेपणात मधाची झाक असते, दुसरीच्यात जांभळाची. मनगटाची शीर हिरवी की निळी बघा, असा एक उपाय सांगतात. सावळ्या हातावर शीर धड दिसतच नाही, तर हिरवी काय आणि निळी काय!

आपल्याकडचा घोळ वेगळाच. 'सावळीने गडद नेसू नये, अजून काळी दिसते', हे आपण आजीपासून ऐकत आलो. म्हणजे साडी निवडायची ती शोभते म्हणून नव्हे, तर रंग लपवायला. गोरेपणाचं वचन देणाऱ्या त्या प्रसिद्ध क्रीमनेसुद्धा २०२० साली आपल्या नावातला 'फेअर' शब्द काढून टाकला. दुकानातली 'गोरी दिसते' ही भाषा मात्र अजून गेलेली नाही. फिक्या रंगाने कुणी गोरं होत नाही. गडद त्वचेशेजारी फिका गार रंग आला, की फरक उलट ठळक होतो. शेव्रलच्या धाग्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीवर घरगुती परीक्षा मांडली. तुम्हीही करून बघा, खर्च काही नाही. चेहरा धुवायचा, पावडर-लिपस्टिक काही नको. केस मागे बांधून वरून पांढरा रुमाल, अंगावरही पांढरा टॉवेल. बसायचं दारात, पण थेट उन्हात नाही. मग घरात असतील त्या ओढण्या, पदर, ब्लाउजपीस एकेक करून हनुवटीखाली धरायचे. बघणाऱ्याने कापडाकडे नाही, चेहऱ्याकडे बघायचं. कापड आधी दिसलं तर तो रंग नापास. डोळे आधी दिसले तर पास. आणि नेहमी जोडीने ताडून बघायचं: शुभ्र पांढरा आणि मोतिया, राणी आणि विटकरी, चांदीची साखळी आणि सोन्याची.

शेजारच्या दोघी-तिघी जमल्या. राणी रंग धरला तर भाचीच्या ओठांभोवती काळसर सावली पडली. विटकरी धरला आणि शेजारीण म्हणाली, "अवो, पोरगी हासली का?" ती हसली नव्हती. मोहरी, मेंदी, हळदी, सगळे पास. तेवढ्यात भाचीने आत जाऊन ट्रंकेतून कोशाची साडी आणली, करवतकाठी. आमच्याकडे कोशाच्या अळ्या जंगलात ऐनाच्या झाडावर वाढतात, आणि त्या रेशमाला रंग न देताच मधासारखी सोनेरी झाक असते. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून करवतकाठी. साडी भाचीच्या खांद्यावर आली आणि सगळ्याच गप्प झाल्या. या वेळचं गप्प होणं वेगळं होतं.

पण अठराशे रुपयांच्या गुलाबी साडीचं काय? दुकान परत घेईना. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चेहऱ्यावर परिणाम करतो तो तोंडाजवळचा रंग. म्हणजे ब्लाउज, गळा, कानातलं, ओढणी. निऱ्या कोणत्याही रंगाच्या असोत, चेहऱ्याला त्यांचं देणंघेणं नाही. तेव्हा साडी टाकायची नाही. गुलाबीवर आम्ही गडद डाळिंबी ब्लाउजपीस लावून पाहिला आणि राखेसारखा दिसणारा चेहरा परत माणसात आला! कपाटात न खुलणाऱ्या साड्या प्रत्येकीच्या असतात. त्यांच्यावर हा उपाय करून बघा.

दुकानातही साडी घेताना ट्यूबलाइटखाली निर्णय घेऊ नका. त्या उजेडात गार रंग खुलतात आणि पिवळे-विटकरी मरगळतात. पिवळ्या दिव्यात उलट. दुकानदाराला सांगून साडी दाराशी न्यायची, हातावर नाही, हनुवटीखाली धरायची. तो दहा वेळा कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. पैसे आपले आहेत.

हे रक्तगटासारखं पक्कं शास्त्र मात्र नाही, हेही सांगते. पुण्या-मुंबईत यासाठी हजारो रुपये घेणारे सल्लागार आहेत. एकाने शरद सांगितला आणि दुसऱ्याने हिवाळा, असंही होतं. केस पिकले, की खुलणारे रंगही बदलतात. आणि एखादा रंग तुम्हाला मनापासून आवडतो पण खुलत नाही, तर खुशाल नेसा. ब्लाउज तेवढा सांभाळा.

हं, तर ताईंची बदामी साडी. आमचे नंदोई जाऊन सहा वर्षं झाली. ताईंना कुणी काही सांगितलं नव्हतं, असं त्या म्हणतात. तरी लाल, हिरव्या, पिवळ्या साड्या ट्रंकेत गेल्या त्या गेल्याच. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो कित्ता गिरवायला इतर गावांना सांगितलं. साडीच्या रंगाचा ठराव मात्र प्रत्येकीला घरातच करावा लागतो.

भाचीने काही न विचारता तोच कोशाचा पदर आईच्या हनुवटीखाली धरला. मायलेकींची झाक एकच, दुसरं काय होणार? डोळ्यांखालचा सहा वर्षांचा थकवा एकदम मागे सरला. शेजारणीने आरसा पुढे केला, पण ताईंनी तो बाजूला सारला.

"वहिनी, मले आता कोण पाहाते? काऊन उगाच..."

"रविवारी पाहुणे पाहातील न," भाची म्हणाली. "मी गुलाबी नेसतो, तू हे नेस."

ताई काही बोलल्या नाहीत. साडीची घडी घालत बसल्या, काठाला काठ लावून, खूप वेळ. मी स्वयंपाकघरात गेले. परत येऊन पाहते तर ट्रंकेला कुलूप होतं आणि साडी बाजेवरच होती.

संध्याकाळी आम्ही टेलरकडे गेलो. डाळिंबी ब्लाउज शनिवारपर्यंत मिळेल का, एवढंच मी विचारलं. ताईंनी पिशवीतून आणखी एक पीस काढला, विटकरी, आणि माझ्याकडे न बघता टेलरला म्हणाल्या, "याचं माप माह्यं घ्या. बाही कोपरापर्यंत."