परजीवीचे अन्नद्वार

पेशीमध्ये प्रथिनांची ने-आण पुटिका नावाच्या सूक्ष्म पिशव्यांमधून होते. पटलाचा एक भाग फुगतो, सुटा होतो आणि आतील प्रथिनांसह इष्ट स्थळी दुसऱ्या पटलात मिसळतो. प्रथिने बाहेर टाकणे म्हणजे स्रवण. बाहेरचे द्रव्य आत घेणे म्हणजे अंतर्ग्रहण. या वाहतुकीवरील संशोधनास २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रोगजंतूही याच मार्गाने पोसले जातात. उपचाराविना बहुधा प्राणघातक ठरणारा काळा आजार लीशमानिया या एकपेशीय परजीवीमुळे होतो. त्याला आवश्यक असलेले हीम हे लोहयुक्त द्रव्य तो स्वतः संपूर्णपणे बनवू शकत नाही. ते तो कोठून मिळवितो? नवी दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत अमिताभ मुखोपाध्याय व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला. परजीवीच्या कशाभिकेच्या मुळाशी एक खळगा असतो. तेथील ग्राही प्रथिन हिमोग्लोबिनला धरते, पटल आत वळते आणि पुटिका तयार होते. रॅब-५ हे प्रथिन या प्रवासाचे नियमन करते. पुढे हिमोग्लोबिनचे विघटन होऊन हीम मोकळे होते.

त्या ग्राहीच्या जनुकापासून केलेल्या लसीने उंदीर व हॅमस्टर यांना संरक्षण मिळाल्याचे या गटाने २०१३ मध्येच प्रसिद्ध केले. ज्या द्वाराने शत्रूला अन्न मिळते, त्याच द्वारी त्याला अडविता येते.