गर्भाशयात गाठ असताना दिवस राहिले तर...

नोकरीनिमित्त बंगळुरूत संसार थाटलेल्या मराठी जोडप्याकडे गोड बातमी येते. सोनोग्राफी होते आणि रिपोर्टमध्ये 'फायब्रॉइड' हा शब्द दिसतो. गाठ म्हणजे कर्करोग, बाळाबरोबर तीही वाढणार, या शंकांनी घरादाराची झोप उडते.

खरे तर फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूंत होणारी गाठ असून ती जवळजवळ नेहमीच साधी असते. अनेक स्त्रियांचे बाळंतपण अशी गाठ असूनही सुखरूप पार पडते.

गाठ वाढतेच का?

नाही. बऱ्याच गाठी आहेत तेवढ्याच राहतात, काही लहानही होतात. ज्या वाढतात, त्या बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसते, तशा अनेक गाठीही आकसतात.

कधी गाठीला रक्तपुरवठा अपुरा पडतो. मग पोटात एकाच जागी तीव्र दुखते, थोडा तापही येतो. विश्रांती आणि डॉक्टरांच्या औषधाने हा त्रास सहसा काही दिवसांत थांबतो. दुकानातून परस्पर गोळी मात्र आणू नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, विशेषतः २० आठवड्यांनंतर, बाळाला अपाय करू शकतात.

आकाराइतकीच जागा महत्त्वाची

गर्भाशयाच्या खालच्या भागातील मोठी गाठ बाळाची वाट अडवू शकते. बाळ आडवे किंवा पायाळू राहू शकते. वार गाठीवर असेल, तर रक्तस्रावाची भीती वाढते. तरीही गरोदरपणात गाठ सहसा काढत नाहीत, कारण त्या काळात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो.

माहेरी जाण्यापूर्वी

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. पण बंगळुरूहून पुणे-मुंबईचा लांबचा प्रवास आणि तोही ऐन दिवसांत, म्हणून जाण्याची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट आणि सरकारी दवाखान्यात मिळालेले 'तायी कार्ड' सोबत घ्यावे. गाठ कुठे आहे, किती वाढली, हे माहेरच्या डॉक्टरांना त्यावरूनच कळेल. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव होण्याचा संभव असल्याने रक्ताची आणि सिझेरियनची सोय असलेलेच रुग्णालय निवडावे.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, असह्य कळा, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवल्यास सकाळची वाट पाहू नये. दुखणे अंगावर काढण्याची सवय इथे महागात पडते.